सुटायच्या आधी उतरायचं

बालवाडीच्या दारात वाकून लेकीच्या, म्हणजे आमच्या बटणच्या, बुटांचे बंद बांधत होते, तेवढ्यात बाईंनी मला जरा बाजूला घेतलं. बाईंनी बाजूला घेतलं की माझी यादी सुरू होते. हिने कुणाला चावा घेतला असेल, हिला कुणी चावलं असेल, नाहीतर उवा. पण बाई चक्क हसत होत्या.

"काय छान सांगते हो तुमची बटण डोंगराबद्दल! बर्फाला वास येतो म्हणाली, लोखंडाचा. दर शनिवारी जाता ना तुम्ही? मलाही सांगून ठेवा कुठली गाडी बरी पडते ते. आमच्याकडे नुसतीच 'जाऊ, जाऊ' चालू असतं."

"हो, सांगते की," मी म्हणाले.

का म्हणाले कुणास ठाऊक. त्या हिवाळ्यात आम्ही डोंगरावर एकदाही गेलो नव्हतो. शनिवारी नाही, रविवारी नाही, कधीच नाही.

बेत मात्र रग्गड केले होते. थंडी पडायला लागली तशी मी रेल्वेची 'हिवाळी सहली' अशी पुस्तिका आणली होती. सकाळी निघा, संध्याकाळी परत या. तळ्याकाठचं जंगल, लाकडी मनोऱ्याचं जंगल, आणि थेट बर्फापर्यंत नेणारी डोंगराची गाडी. जेवणं झाली की टेबल पुसून मी नकाशा उघडायची आणि बटण त्याच्या कोपऱ्यांवर चमचे ठेवायची. हे तिचं काम होतं, त्यात कुणी हात घातलेला तिला खपायचा नाही. नवरा समोर बसून, "तू ठरव, मी येतो," म्हणायचा. हे वाक्य बोलणाऱ्याला उदार वाटतं. ऐकणाऱ्याला काय वाटतं ते मला विचारा.

तळ्याकाठी जावं, तर परतीची गाडी अंधार पडल्यावर. मनोऱ्याकडे जावं, तर स्टेशनापासून पुढची वाट ओढ्याच्या कडेने. डोंगराची गाडी पोचते लवकर, पण वाटेत तो उंच पूल. मी विमा कंपनीत क्लेम तपासते. लोक कुठे, कसे, कशावरून पडले हे वाचायचं आणि ते खरंच तसे पडले असतील का ते बघायचं, हे माझं काम. सोमवार ते शुक्रवार घरून आणि शनिवारी दुपारपर्यंत ऑफिसात. माणूस पायपुसण्यावरून पडतो, स्वतःच्या मांजरावरून पडतो. मग ओढ्याच्या कडेच्या वाटेचं काय सांगावं?

आणि हे सगळं जुळून आलंच, तर नवऱ्याचा फोन वाजायचा. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करतो आणि लोकांना रविवारी लिफ्टमध्ये अडकायला फार आवडतं. एकदा तर आम्ही सगळा जामानिमा करून, बटणला चार थर चढवून, थर्मास गळ्यात अडकवून जिन्यापर्यंत गेलो होतो. तिथे फोन वाजला. तो गेला आणि आम्ही परत वर आलो. डबा मी घरातच सतरंजी घालून उघडला. बटणने टोपी काढायला साफ नकार दिला, घामाघूम होऊन सगळं खाल्लं आणि म्हणाली, "मजा आली."

म्हणून बाईंचं ऐकून घरी येताना मी स्वतःची समजूत घातली की पोरीला सहल म्हणजे हेच वाटतंय. नकाशा, चमचे, टोपी, सतरंजी. दुसरी सहल तिने पाहिलीय कुठे? वाईट वाटलं, पण हायसंही वाटलं.

मग लोखंडाचा वास आठवला. आमच्या सतरंजीला लोखंडाचा वास येत नाही.

घरी आल्यावर मी तिचा कोट तपासला. खिशात पाइनची एक लांब सुई निघाली, हिरवी, वाकवली तरी न मोडणारी. आमच्या भागात पाइनचं झाड नाही. मग आठवलं की गेल्या शनिवारी तिचे हातमोजे ओले होते. पाऊस नव्हता, बर्फ नव्हता. मी ते हीटरवर वाळत टाकले होते आणि विचार केला नव्हता. ह्या कामाचा मला पगार मिळतो, आणि स्वतःच्या घरात मी विचार केला नव्हता!

"बटण, डोंगरावर तू कुणाबरोबर जातेस गं?"

"आप्पांबरोबर."

"कशी जातेस?"

"गाडीने." माझ्या अज्ञानाचा तिला कंटाळा आलेला दिसत होता. "गाडीत बसायचं. मग बूट काढायचे. मग केळं खायचं. मग डोंगर येतो."

"कुठे येतो?"

"पायरीवर."

"डोंगर पायरीवर येतो?"

"थोडासाच," ती म्हणाली, आणि चमचे घेऊन बसली.

आता आप्पांचं सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे सासरे. सगळं आयुष्य बेकरीत गेलं, रात्री पीठ मळायचं आणि दिवसा झोपायचं. नवरा म्हणतो, लहानपणी आप्पा आम्हाला मानेपासून पायापर्यंत पांघरुणातच दिसायचे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. अजूनही सगळ्यांच्या आधी उठतात आणि स्वयंपाकघरात अंधारातच बसतात, कुणाची झोपमोड नको म्हणून. शनिवारी मी ऑफिसात आणि नवरा लिफ्टमध्ये, तेव्हा बटणला तेच सांभाळतात.

आणि महिन्यापूर्वी आप्पांनी गॅस चालू ठेवला होता. ज्योत नव्हती, नुसता गॅस. मला वास आला म्हणून निभावलं. आप्पा खुर्चीत बसून होते आणि त्यांना वास आला नव्हता. "सर्दी झालीय," म्हणाले. झालीही असेल.

तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं की आप्पा, मी बरोबर नसताना बटणला घेऊन गाडीने कुठेही जायचं नाही. गॅसचा आणि गाडीचा काय संबंध, असं नवऱ्याने विचारलं होतं. आप्पांनी काहीच विचारलं नाही. "नाही जाणार," म्हणाले. "शब्द दिला."

ताईंना, म्हणजे माझ्या नणंदेला, ह्याच आठवड्यात गॅसचं कळलं आणि त्यांनी फोन केला. त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि बोलतानाही त्या गोळ्या मोजून दिल्यासारख्या बोलतात. "आप्पांना मी घेऊन जाते. खाली दुकान, वर घर. नजरेसमोर राहतील. तू लहान मुलीची आई आहेस, तुला कोणी नावं ठेवणार नाही. ह्या रविवारी गाडी घेऊन येते. शनिवारपर्यंत नक्की काय ते सांग."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का माया, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

रात्री नवऱ्याला पाइनची सुई दाखवली.

"तू नेलं होतंस का हिला कुठे?"

"मी? मला लिफ्टमधून बाहेर पडायला मिळतंय का?"

"मग आप्पांनी नेलं."

"आप्पा शब्द मोडणार नाहीत गं."

"विसरले असतील शब्द. गॅस नाही विसरले?"

तो सुई दिव्यासमोर धरून उगाच फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई नेते म्हणतेय तर... तू ठरव."

पुन्हा तेच!

आप्पांना सरळ विचारायचं, हा साधा मार्ग होता. मी विचारलंही, पण सरळ नाही. "आप्पा, शनिवारी कुठे असता तुम्ही दोघं?"

"पाय मोकळे करायला जातो. स्टेशनापर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे कुठे? तू नाही म्हणाली आहेस ना." त्यांनी माझ्याकडे इतकं सरळ बघितलं की मलाच खाली बघावं लागलं. खोटं बोलणारी माणसं मी रोज वाचते, पण ती कागदावर असतात. समोर बसून केळ्याची साल काढणारा माणूस कसा वाचायचा ते कुणी शिकवलेलं नाही.

शनिवारी मी रजा टाकली आणि घरी कुणालाच सांगितलं नाही. नेहमीसारखी ऑफिसचे बूट घालून निघाले आणि समोरच्या लाँड्रीत जाऊन उभी राहिले. काचेवर वाफ धरली होती. ती पुसत मी माझ्याच घराचं दार बघत होते. लाँड्रीवाली म्हणाली, "कपडे?" मी म्हणाले, "येतायत."

ते दोघं बाहेर पडले. आप्पांच्या पायात घरातल्या सपाता! ह्या थंडीत. माझ्या मनात आप्पांच्या नावापुढे पहिली खूण तिथेच झाली. बटणने मात्र कोटाची सगळी बटणं लावली होती. आप्पा तिच्या चालीने चालत होते. रस्ता ओलांडताना ती थांबली, तिने आप्पांचा हात धरला, दोन्हीकडे पाहिलं आणि मग त्यांना पलीकडे नेलं. कोण कुणाला सांभाळतंय, हे मला लांबून काही केल्या कळेना.

स्टेशनात ते थेट शेवटच्या फलाटावर गेले. डोंगराची गाडी नुकतीच परत आली होती आणि रिकामी उभी होती. दारांच्या पायऱ्यांखाली, चाकांच्या वर, सगळीकडे बर्फ लिंपल्यासारखा चिकटून होता, आणि हळूहळू गळत होता. बटण एका पायरीपाशी उकिडवी बसली, हातमोज्याने तो खरवडून काढला आणि नाकाशी नेला. मग आप्पांना हुंगायला दिला. आप्पांनी डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवली.

डोंगर. पायरीवर. थोडासा.

गाडीतून झाडूवाली बाई पाठमोरी उतरली. तिच्या सुपडीत माती, पाइनच्या सुया, काड्या, गिर्यारोहकांच्या बुटांनी आणलेलं सगळं अख्खं जंगल होतं. तिने सुपडी बटणपुढे धरली. बटणने अगदी भाजी निवडावी तशी एक सुई निवडली. मग ते दोघं गाडीत चढले.

इथपर्यंत मला रडू येत होतं. चढल्यावर मात्र राग आला. चढले की! शब्द दिला होता आणि चढले! मीही पळत जाऊन मागच्या डब्यात शिरले. दोन डब्यांच्या मधल्या दाराला काच होती. कुणीतरी सीटवर टाकलेलं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून मी त्या काचेपाशी बसले. थंडीत ही गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधीपासून आतून तापवून ठेवतात, त्यामुळे चष्म्यावर वाफ धरत होती आणि मला दर थोड्या वेळाने तो पुसावा लागत होता.

आप्पांनी बटणचे बूट काढले आणि जोडीने सीटखाली ठेवले. सपाताही काढल्या. केळं निघालं. बटण खिडकीला नाक लावून बाहेर बघत बोलत होती आणि आप्पा तिच्या बोटाच्या दिशेने बघत होते. बाहेर समोरच्या फलाटाची भिंत होती. त्या भिंतीवर ती दोघं काय बघत होती देव जाणे, पण बघत होती खरी, अगदी बारकाईने.

डबे भरायला लागले. पाठीवर बोचकी, हातात काठ्या, असा एक मोठा घोळका माझ्या डब्यात घुसला. मी चष्मा पुसून वर बघते तो काय, पुढच्या डब्यातली सीट रिकामी! केळ्याची सालसुद्धा नाही.

मी उठले. बोचकी समोरून येत होती. "जरा जाऊ द्या, मला उतरायचंय," मी म्हणाले. एक आजीबाई काठी आवरत म्हणाल्या, "अहो, उतरायचं तर पोचल्यावर." सगळे हसले. मी दारापर्यंत पोचले तेव्हा दार बंद होत होतं, आणि मग ते बंद झालं.

फलाटावर आप्पा आणि बटण उभे होते. बूट घातलेले, टोपी कानापर्यंत ओढलेली. गाडीला टाटा करायला थांबले होते, नेहमी थांबत असणार. बटणचा हात डब्यामागून डब्याला हलत होता, आणि मग तिला काचेमागे मी दिसले. तिला काही फारसं नवल वाटलं नाही. तिने माझ्यासाठी दुसराही हात वर केला. आप्पांचा हात मात्र हवेतच राहिला.

मी आयुष्यात पहिल्यांदा विनातिकीट, विनाथर्मास, विनानकाशा, ऑफिसच्या बुटांत डोंगरावर निघाले होते.

फोन लावला.

"आप्पा!"

"अगं, तू गाडीत काय करतेयस?"

"तुम्ही गाडीत काय करत होतात?"

"आम्ही? बसलो होतो."

"बसलो होतो म्हणजे काय आप्पा! मी सांगितलं होतं ना..."

"पण गेलो कुठे?" ते खरोखरच गोंधळलेले वाटले. "सुटायच्या आधी उतरतो की आम्ही. दर वेळी. तूच गेलीस."

मागून बटणचा आवाज आला, "आईने केळं नेलंय का विचारा."

फोन तसाच हातात ठेवून मी सीटवर बसले. तिकीट तपासनीस आले.

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. मला उतरायचंय."

"मधे थांबत नाही हो ही. एकदम वर." त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "काही झालंय का?"

मी सांगितलं. म्हणजे सांगायला लागले, आणि सासरे, केळं, लाँड्री असं सगळं एकात एक सांगत बसले. केळं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"बेकरीवाले आजोबा! त्यांची सून का तुम्ही? अहो, मी एकदा म्हटलं त्यांना, चला, एकदा वर जाऊन या, तिकिटाचं मी बघतो. तर म्हणाले, सुनेला शब्द दिलाय. मी म्हटलं, तिला कुठे कळतंय? तर उठून निघूनच गेले. दोन आठवडे माझ्याशी बोलत नव्हते." मग जरा थांबून म्हणाले, "एकदा मात्र सपाता विसरून उतरले. मी खिडकीतून टाकल्या."

म्हणजे शब्द लक्षात होता आणि सपाता नव्हत्या. माझ्या ऑफिसात अशा क्लेमला आम्ही एक वेगळा शिक्का मारतो, पुन्हा तपासणीसाठी. तो मारला की फाईल दुसऱ्याच्या टेबलावर जाते. इथे दुसरं टेबल नव्हतं. ताई होत्या फक्त.

खिडकीबाहेर घरं संपली होती. शेतं आली, काळी, कडेने पांढरी. मग झाडं. मी नकाशावर ह्या रस्त्यावरून इतक्या वेळा बोट फिरवलं होतं की मला प्रत्येक वळण पाठ होतं, आणि एकही ओळखता येईना. तो उंच पूल कधी येऊन गेला ते कळलंही नाही.

फोन वाजला. आप्पाच.

"ऐक. मागून दुसरी गाडी आहे, थांबत थांबत जाणारी. बटण म्हणतेय आईला आणायला जाऊ." जरा थांबले. "येऊ का?"

गेल्या सगळ्या हिवाळ्यात मला इतका साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझ्या डोक्यात एकदम सगळं सुरू झालं. बटणला दुसरे मोजे नाहीत. आप्पांच्या पायात सपाता. तिथे बर्फ. गाडीत बटण झोपली तर? आप्पाच झोपले तर? भलत्याच स्टेशनवर उतरले तर? गॅस! आणि त्या सगळ्याच्या तळाशी ती दोघं फलाटाच्या भिंतीकडे बोट दाखवून बारकाईने बघत बसलेली.

"या," मी म्हणाले.

आणि त्याच क्षणी, किंवा त्याच्या जरासं आधी, किंवा जरासं नंतर, गाडी बोगद्यात शिरली. फोनमध्ये घरघर झाली आणि तो बंद पडला.

त्यानंतर वरपर्यंत रेंज नव्हतीच.

वर पोचल्यावर ते बोचकीवाले सगळे भराभरा काठ्या टेकत निघून गेले आणि मी एकटी फलाटावर उरले. सगळीकडे पांढरं होतं. झाडं वाकून उभी होती. थंडी अशी की नाकातून आत गेलेली कळायची. छान होतं सगळं, पण मला ते दिसत नव्हतं. मी नुसता विचार करत होते. माझं 'या' पोचलं असेल, तर ती दोघं आता गाडीत आहेत, आणि त्यांना काही झालं तर ते माझ्या शब्दाने झालं. पोचलं नसेल आणि तरी ते निघाले असतील, तर आप्पांनी शब्द मोडला, म्हणजे उद्या ताईंची गाडी. पोचलं नसेल आणि ते निघालेच नसतील, तर ते अजून फलाटावर उभे आहेत, सपाता घालून, माझ्या उत्तराची वाट बघत. नाहीतर पोचलं असेल, पण आप्पा विसरले असतील. एकेक शक्यता मी एकेका बोटाला बांधत गेले आणि शेवटी बोटं इतकी गारठली की मोजताच येईनात.

स्टेशनच्या खोलीत शेगडी पेटली होती. तिथल्या बाईंनी मला आत बोलावलं, माझे बूट पाहिले आणि गरम पाणी दिलं. त्यांच्या टेबलावरच्या जुन्या फोनवरून मी आप्पांना लावला. लागेना. नवऱ्याला लावला.

"तू कुठे आहेस?"

"डोंगरावर."

"काय? आणि बटण?"

"बहुतेक गाडीत. बहुतेक आप्पांबरोबर. मला माहीत नाही."

तो फार हळू म्हणाला, "मी लिफ्टच्या टपावर उभा आहे. तू जरा सावकाश सांग."

मी सांगण्याआधी बाहेर शिट्टी झाली.

ती थांबत थांबत येणारी गाडी खरंच थांबत थांबत आली. फलाटावर आल्यावरसुद्धा एकदा थांबली आणि मग पुन्हा पुढे आली. दारं उघडली. कुणी उतरलं नाही. माझ्या तोंडातून कसलासा आवाज निघाला असावा, कारण त्या बाई खोलीतून बाहेर आल्या. मग अगदी शेवटच्या दारातून एक सपात बाहेर आली, पायरी चाचपली, मागून दुसरी आली. मग आप्पांनी वळून बटणला उचलून घेतलं. सपातांच्या टोकांवर त्यांनी बटणचे जास्तीचे मोजे ताणून चढवले होते. म्हणजे जास्तीचे मोजे होते! आप्पांनी घेतले होते. फक्त ते आपल्याला होतात की नाही, हे त्यांनी बघितलं नव्हतं.

मी बटणला इतकं आवळलं की ती म्हणाली, "आई, टोपी."

"आप्पा," मी म्हणाले, "माझं ऐकू आलं होतं का तुम्हाला? फोनवर?"

आप्पांनी विचार केला. त्यांना खोटं बोलायचं असतं तर ही वेळ होती.

"मला नुसती घरघर ऐकू आली," ते म्हणाले. "मी म्हटलं, नाही जायचं, आईने काही सांगितलेलं नाही. तर बटण म्हणाली, आई म्हणाली या."

"तू ऐकलंस, बटण?"

"हो."

"नक्की?"

"आई म्हणाली, या." तिने माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. हुबेहूब होतं. पण ती माझ्या आवाजात सगळंच हुबेहूब म्हणते.

"मग मी जरा वेळ उभाच राहिलो," आप्पा म्हणाले. "गाडी सुटायला आली. तिने चढून बूट काढले. मग म्हटलं, पोरीने ऐकलं असेल तर आपण नाही म्हणणारे कोण. माझे कान काही..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि मोज्यातल्या सपातांकडे बघत राहिले. "चुकलं का गं माझं?"

मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. मी त्यांचा हात धरला. तो गरम होता. बेकरीतल्या माणसांचे हात थंड पडत नाहीत, असं नवरा म्हणतो, ते खरं निघालं.

बटण बर्फात जरा इकडे तिकडे फिरली. झाडांकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. वाकून बर्फ हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला वास नाही," ती म्हणाली. "हा नाही तो."

"हाच तो," आप्पा म्हणाले. "हाच गाडीला चिकटून येतो."

तिला ते पटलं नाही. तरी तिने थोडा खिशात भरला.

स्टेशनच्या खोलीत आम्ही शेगडीशी बसून आप्पांचे पाय शेकले. तिथल्या फोनवरून मी नवऱ्याला सगळं सावकाश सांगितलं आणि मग ताईंना फोन लावला. आता मला भीती नव्हती असं नाही. सपाता आठवत होत्या. गॅस आठवत होता. त्या दोन्हींचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवायला हवं, गॅसला ते आपोआप बंद होणारं बटण बसवायला हवं, शनिवारची रजा... ताई पलीकडून म्हणाल्या, "बोल. काय ठरलं? उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या नका येऊ ताई."

"म्हणजे पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी आम्ही जंगलात जाणार आहोत. तुम्ही येता का?"

"अगं, आप्पांचं काय ते सांग."

"तेच सांगतेय," मी म्हणाले. "आप्पा आमच्याकडेच राहणार आहेत."

ताईंना राग आला का सुटल्यासारखं वाटलं, हे मला ह्याही वेळी कळलं नाही. "कुठलं जंगल?" एवढंच त्यांनी विचारलं.

परतीची गाडी फलाटावर तापत उभी होती. आम्ही सुटायच्या बरंच आधी जाऊन बसलो. आप्पांनी सगळ्यांचे बूट जोडीने सीटखाली ठेवले, माझेही. केळं एकच उरलं होतं, त्याचे तीन तुकडे झाले. बटण खिडकीला नाक लावून बोट दाखवायला लागली आणि ह्या वेळी खिडकीबाहेर खरंच काहीतरी होतं. मग गाडीच्या दारांवरचा दिवा लुकलुकला. तशी ती चटकन खाली उतरली आणि बुटात पाय घालू लागली. आप्पाही सवयीने सपाता शोधायला वाकले.

"बसा," मी म्हणाले. "दोघंही बसा."

"आई, सुटेल ना!" बटण घाबरून म्हणाली.

"सुटू दे."

तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून दाराकडे पाहिलं, ते बंद होईपर्यंत.